ग्रहणातल्या गोधड्या

बोरगावच्या माळावर सरकारनं उन्हापासून वीज करणाऱ्या काळ्या काचपाट्या मांडल्या. त्या इतक्या, की बगळे तळं समजून उतरत अन् चोच शेकून परत जात. ती वीज सौसरच्या लाइनीत जोडलेली. राखणीला मुकुंद. बायकोचं, चंद्रकलेचं, पहिलं बाळ न रडताच गेलं, तेव्हापासून हा माणूस जेव म्हटलं की जेवे, बस म्हटलं की बसे. बायकोनं ग्रहणात भाजी चिरली असेल, असं लोक बोलत. तेही ऐकून घेई.

पुन्हा दिवस भरले ते नेमके ग्रहणाला. सौसरच्या दवाखान्यात सासूनं खोलीच्या खिडक्यांना कागद डकवले, पाण्यात तुळशीपान टाकलं. ग्रहणाचं ऊन शिरायला फट म्हणून ठेवली नाही. आत एक बल्ब तेवढा लावला.

मुकुंदच्या सुन्न डोक्यात तो बल्ब अडकला. त्यातलं ऊन तर आपल्याच माळावरचं. तारेतून थेट चंद्रकलेच्या उशाशी.

त्यानं गावात सांगितलं. ज्या घरी पोटुशी सून, त्या घरून गोधड्या आल्या; रामाकोन्याहून तर गाडी भरून. ग्रहण लागताच सगळ्यांनी मिळून पाट्या झाकल्या. शेवटल्या पाटीला काही उरलं नाही, तेव्हा त्यानं राखणीच्या खोपीतल्या पेटीतलं, कधी न वापरलेलं दुपटं काढलं.

इकडे वीजखात्याचे भोपाळचे साहेब मुद्दाम ग्रहण गाठून सौसरला मीटरच्या काट्यासमोर बसलेले. ऊन हळूहळू उतरलं की लाइन कशी सांभाळायची, हे पाहायचं होतं. काटा कसला उतरतो, विहिरीत दोर तुटल्या बादलीसारखा पडला. लाइनीला असा हिसका बसला, की सौसर बंद, अन् पांढुर्ण्याच्या चक्कीतलं पीठ म्हणे हवेतच थांबलं.

साहेब जीप घेऊन आले, माळभर गोधड्या पाहिल्या, कारण ऐकलं अन् उद्यापासून येऊ नको म्हणाले. मुकुंद बरं म्हणाला. मनात काहीच हललं नाही. ग्रहण सुटल्यावर तो गोधड्या गोळा करू लागला.

तेवढ्यात दवाखान्याकडून शेजारचा हिरामण सायकल हाणत आला.

"पोरगी झाली भाऊ. लाइट गेली अन् अंधारातच झाली. तू इथं काय करून राहिला?"

मुकुंदनं बराच वेळ गोधडी झटकली.

"रडली?"

"रडली? लोधीखेड्यापर्यंत आवाज गेला असन."

मुकुंद शेवटल्या पाटीपाशी गेला. दुपटं उचललं. परतलेल्या उन्हानं ते गरम झालं होतं, एवढं त्याच्या हाताला कळलं. त्यानं ते सदऱ्याच्या आत घातलं अन् हिरामणच्या सायकलवर मागं बसला.