पेडलच्या बटनानं भिजलेली तूर

सांगतो, पण तुम्ही विश्वास ठेवणार नाही. माझ्या सख्ख्या बायकोनं, रुपीबाईनं ठेवला नाही, मग तुमचं काय. गिटारीच्या एका बटनानं मी पाच एकर तूर ओलवली आहे.

झालं असं. माझी पुतणी अंजू पुसदच्या एका आर्केस्ट्रात गिटार वाजवते. पायाशी लोखंडी डबी असते, तिला पेडल म्हणतात. डबीवरचं बटन पायानं दाबलं की गिटार खरखरते, पुन्हा दाबलं की गोड होते. बटन लाख दाब टिकतं म्हणे. पण अंजू आमच्या बंजारा तांड्यात तीजेच्या सणाला नाचून वाढलेली पोर; टाच अशी हाणते की लाखाचं बटन दोन लगीनसराईंत खलास. मागच्या लग्नात ते दबलेलंच अडकलं. नवरीच्या पाठवणीचं गाणं अख्खं खरखरत गेलं, आणि नवरी रडायचं सोडून स्टेजकडं पाहत बसली.

आर्केस्ट्रावाला धरमसिंग म्हणाला, "मंगळवारी पुन्हा असं झालं तर तुह्या जागी दुसरा."

मंगळवारी दुपारी अंजू पेडल आणि नवं बटन घेऊन माझ्याकडं आली. मी पंपाच्या जळक्या मोटारींत नवी तार भरतो, म्हणजे मले सगळंच येते असा तिचा समज. तीनची बस होती.

"काका, लवकर करा ना."

"करून राह्यलो. तू पाय हलवू नको, टेबल हलते."

"पाय माह्यं ऐकत नाही."

बटनाला खाली तांदळाएवढे नऊ पाय. माझं सोल्डरिंग मोटारीच्या जाड तारेचं. सवयीनं दहा मोजेस्तोवर टेकवून धरलं, तर बटनाच्या आतलं प्लास्टिक मेणासारखं खाली बसलं.

"आता?" अंजूनं घड्याळ पाहिलं.

"आता काय, तू बस पकड," म्हणत मी शेजारच्या पुंडलिकरावाच्या पंपाच्या स्टार्टरचं हिरवं बटन काढून डबीत ठोकलं.

तिकडं पुसदला अंजूनं टाच मारली आणि इकडं पुंडलिकरावाची मोटार सुरू. पुन्हा मारली, बंद. तो बिचारा विहिरीकडं धावे, पोचला की पाणी थांबे. माघारी वळला की भळभळा. दिवस मावळेस्तोवर त्याची पाच एकर तूर भिजली आणि धावून धावून पुंडलिकरावाचं सुटलेलं पोट उतरलं. त्याची बायको बेबीताई मले अजून दुवा देते.

परवा ओट्यावर हेच रंगवून सांगत होतो. अंजू मागं कधी येऊन उभी राहिली, कळलंच नाही.

"काका, कायले खोटं बोलता? पेडल मी पुसदला नेलंच नाही. तुमचं ते डबडं बसस्टँडवर चहावाल्याजवळ ठेवलं अन् नुसती गिटार घेऊन गेली. सारी गाणी गोडच वाजवली. आर्केस्ट्रातली जागा अजून माहीच आहे."