पन्नासावा डोळा

दिवाळीत कच्चा असलेला मोतीबिंदू चैत्रात पिकला कसा, हे निवृत्तीच्या काही केल्या गळी उतरेना. त्याच्या बायकोचा, शालूबाईचा, एक डोळा केव्हाच गेलेला. उरलेला तपासून डॉक्टर महादेवराव म्हणाले होते, "अजून वर्षभर तरी कापायचा नाही." आणि आता तेच डॉक्टर लस टोचायला गावात, सुलतानपुरात आले काय, शालूबाईला दारात पाहिलं काय, नि लगेच निरोप धाडला, "शनिवारच्या आत मेहकरला आणा."

निवृत्ती टरबुजं लावणारा माणूस. बाजार चुकू नये म्हणून कच्चाच माल तोडणारे त्याने काय कमी पाहिले होते? दवाखान्यात पोचताच त्याने शालूबाईला डॉक्टरांच्या खोलीच्या दारापाशी बाकावर बसवलं आणि शालिग्राम कंपाउंडरला गाठलं. दोन टरबुजं पुढे केल्यावर शालिग्रामचं तोंड सुटलं.

"साहेबाले डोळ्याच्या मोठ्या दाखल्याची परीक्षा द्याची हाय. डॉक्टर झाल्यापासून सात वर्साच्या आत अर्ज गेला त ठीक, नाही त जन्मभर बंद. संग पन्नास ऑपरेशनची यादी लागते. एकोणपन्नास झाले. अन् सात वर्सं शनिवारी भरतात."

निवृत्तीच्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे यादी भरायला याला आपल्या बायकोचा डोळा हवा होता! तो तरातरा डॉक्टरांच्या दारात जाऊन उभा राहिला.

"साहेब, खरं सांगा. डोळा पाहून बोलावलं का तारीख पाहून?"

महादेवरावांचा चेहरा उतरला. "तारीख खरी आहे," ते म्हणाले. "ती नसती तर पुढच्या महिन्यात बोलावलं असतं. पण डोळाही खरा आहे. त्या दिवशी मला बसायला देताना त्या खुर्ची चाचपत होत्या. तुम्हाला दिसलं नाही?"

"काही सांगू नका! सारं घर एकटी करते. भाकरी करते, तांदूळ निवडते..."

"मग त्यांनाच विचारा."

निवृत्तीने बाकाकडे पाहिलं. त्याने वैदूला विचारलं होतं, शेजाऱ्याला विचारलं होतं, आत्ता कंपाउंडरला विचारलं. हिला विचारायचं मात्र राहूनच गेलं होतं.

"तांदूळ सून निवडते," बाकावरून शालूबाई म्हणाली. "होळीपासून तुमचं तोंड दिसलं नाही मले."

"मंग सांगितलं काऊन नाही?"

"तुम्हीच त रोज म्हणत होते, अजून वर्सभर टाइम हाय."

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हात धरायला तो वळला, तोवर शालूबाई भिंत धरून आत निघाली होती.

"कापा, साहेब," ती म्हणाली.