तोंड आहे, पोट नाही

आधी किल्ल्या सांभाळा, मग वाकून बघा. माझ्यावर वाकणाऱ्याच्या खिशातलं काही ना काही मी गिळतेच. मी रस्त्याच्या कडेची लोखंडी जाळी बोलतेय, पावसाचं पाणी आत घेणारी.

शिक्षण बेताचंच. कारखान्यात ओतताना अंगावर तीन अक्षरं उमटवली होती, तीही गाड्यांच्या चाकांनी पुसून टाकली. पण शिकलेली माणसं माझ्याजवळ उभी राहून काय काय बोलतात ते ऐकलं, की माझं न शिकणंच बरं वाटतं. सगळ्यांची ठाम समजूत, की माझ्याखाली एक मोठं यंत्र आहे आणि ते सगळी घाण धुऊन काढतं. अहो, यंत्र कुठलं? एक पाइप आहे, आणि तो थेट खालच्या तळ्यात जातो. मला तोंड आहे, पोट नाही.

माझ्या शेजारी गॅरेज आहे. मालकांना सगळी गल्ली मामा म्हणते. त्यांच्या केसांचा भांग सरळ, बाकी सगळा कारभार वाकडा. गाडीचं जळकं ऑइल काढायचं आणि माझ्या तोंडात ओतायचं, हा त्यांचा नेम. एकदा ओतायला वाकले आणि खिशातला पिवळा कंगवा निसटला. मी तो गिळून टाकला. मला काय हसू आलं म्हणून सांगू!

मामांची ताई तळ्याकाठी राहते. जाळं टाकून मासे धरते, त्यावर तिचं घर चालतं. दर रविवारी ती भावासाठी डबा घेऊन येते. मामा टायरवर बसून जेवतात आणि नाक मुरडतात. तुझ्या हातची चव गेली, माशाला रॉकेलचा वास मारतो, म्हणतात. ताई बिचारी तेल बदलून बघते, भांडी पुन्हा घासते.

मग शाळेच्या बाई मुलं घेऊन आल्या. मुलांनी माझ्या कडेला निळा मासा रंगवला आणि खाली लिहिलं, इथलं पाणी तळ्यात जातं. बाईंनी मामांना समजावलंही. मामा म्हणाले, चित्र झकास आहे. आणि बाई वळल्या तशी त्यावर गाडी लावून मोकळे.

गेल्या रविवारी ताई आली. डब्यात नुसता भात. शेजारी तिनं पिवळा कंगवा ठेवला.

"बाळ्या, जाळ्यात आज एवढंच आलं," ती म्हणाली. "मासे उलटे तरंगतायत रे."

मामांचा घास हातातच राहिला. त्यांनी कंगवा ओळखला आणि माझ्याकडे बघितलं. मग ताईच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "तुझी शपथ, या जाळीत आता थेंब ओतणार नाही."

आणि शब्द पाळला हो! दुसऱ्या दिवशी ऑइलचा डबा उचलला, रस्ता ओलांडला आणि समोरच्या जाळीत ओतला. ती माझी जुळी बहीण. खालचा पाइप दोघींचा एकच! इतकी वर्षं माणसांची चेष्टा केली, पण अशी चेष्टा मलासुद्धा जमली नसती.

ताई अजून रोज जाळं टाकते आणि ओलं जाळं तसंच परत नेते. तिला वाटतं, भावानं ऑइल ओतणं सोडलंय, म्हणजे चार दिवसांत तळं सुधारेल.

आभाळ भरून आलंय. समोर मामा पुन्हा डबा उचलतायत, शपथ मोडत नाही म्हणून चेहरा कसा निर्मळ! मी लोखंडाची, हाक कुठून मारू? तुम्ही इथे उभे आहात, तुम्हाला आवाज आहे, पाय आहेत. मी तुमच्या किल्ल्या गिळणार नाही, जन्मात पुन्हा कुणाला हसणार नाही. पण आधी धावा, त्यांचा हात धरा. पहिला थेंब पडला बघा.