कवळीतली चिठ्ठी

स्टँडवर दुपारी बारा वाजता चिटपाखरू नव्हतं. कवळीवाला बसमधून उतरला आणि पहिलाच विचार त्याच्या मनात आला तो हा, की इथे माणसं राहतात तरी कशी. भिंतींना कमरेपर्यंत हिरवी बुरशी, कमरेच्या वर उन्हाने उडालेला रंग. नदी होती म्हणायला, पण गुडघाभर गढूळ पाणी आणि त्यात बसलेल्या म्हशी. रस्ते तीनच, आणि तिन्ही फिरून फिरून बाजारातच येत होते. हवेत ओल इतकी की शर्ट पाठीला चिकटला तो चिकटलाच. चार दिवस हिंडावं, फोटो काढावेत असं त्या गावात काही नव्हतं, आणि तो त्यासाठी आलाही नव्हता. तो मुडदा ओळखायला आला होता.

आता ही असामी काय होती ते आधी सांगायला हवं. पस्तीस वर्षं त्याने लोकांच्या कवळ्या बनवल्या. आपल्या शहरात त्याचं दुकान विचारलं तर कुणीही बोट दाखवावं, असं नाव. कामात चोख, पण स्वभावाने उतावळा. गिऱ्हाइकाने आ केला की हा बोलायला सुरुवात करी, कुठे टोचतंय, कुठे सैल आहे, आणि बरोबरही निघे. मग सवयच लागली. समोरच्याचं वाक्य तो कधी पुरं होऊ देत नसे. त्याला वाटायचं, माणसाने तोंड उघडलं की पुढचं आपल्याला कळतंच.

त्याची आणखी एक खोड होती. प्रत्येक कवळीत, टाळूवरच्या गुलाबी भागाच्या आत, तो बोटाच्या पेराएवढी कागदाची चिठ्ठी बसवायचा. तिच्यावर गिऱ्हाइकाचं नाव आणि दुकानाचा फोन नंबर. इस्पितळात, धर्मशाळेत म्हाताऱ्यांच्या कवळ्यांची अदलाबदल होते, म्हणून ही सोय. लोक हसायचे. दातांना काय फोन येणार का हो, म्हणायचे.

फोन आला. चार दिवसांपूर्वी या गावातल्या हवालदाराने भिंग लावून नंबर वाचला आणि फिरवला. एका बेवारस मयताच्या तोंडात तुमचा नंबर सापडलाय, म्हणाला. चिठ्ठीवर नाव नाही, नुसतं "धाकटा" असं लिहिलंय, तर हे काय प्रकरण आहे? कवळीवाल्याच्या हातातली पातळ सुरी तिथेच खाली पडली. "धाकटा" असं त्याने आयुष्यात एकाच चिठ्ठीवर लिहिलं होतं.

धाकटा भाऊ त्याच्याच दुकानात काम करायचा. हिरड्या सडल्या म्हणून अडतिसाव्या वर्षी बिचाऱ्याचे सगळे दात काढावे लागले, आणि थोरल्याने त्याला कवळी करून दिली होती. इतकी सुबक, की डाव्या बाजूचा सुळा मुद्दाम जरा तिरका बसवला, कारण मूळचा तसा होता. माया नव्हती असं कोण म्हणेल? पण नऊ वर्षांपूर्वी एके दिवशी धाकट्याकडून एका आजीबाईंची कवळी बिघडली, आणि थोरल्याची जीभ सुटली. चार गिऱ्हाइकं बसलेली, धाकट्याची बायको डबा घेऊन दारात उभी, आणि हा म्हणाला, "तुझ्या हाताला वळणच नाही. खायला काळ आणि भुईला भार." धाकट्याने अंगावरचा एप्रन काढून खुंटीला लावला. शांतपणे म्हणाला, "दादा, तू शोधत आलास तर भेटेन." आणि गेला. थोरला मागून ओरडला, की येईल झक मारत, कोण शोधतंय याला! पोलिसात वर्दी दिली, पेपरात फोटो छापला, पण स्वतः पाऊल उचलून तो कुठे गेला नाही. आज येईल, उद्या येईल करता करता नऊ वर्षं गेली. लाज वाटायला लागली तेव्हा फार उशीर झालेला होता.

भावजय त्याच गळक्या दोन खोल्यांत राहिली. दुसऱ्या गावी वसतिगृहात राहण्या-जेवणासकट चांगली नोकरी मिळत होती, तीही तिने सोडली. ते परत आले तर मला कुठे शोधतील, एवढंच तिचं म्हणणं. परवा निघताना तिने कवळीवाल्याच्या हातात पाण्याची बाटली दिली आणि म्हणाली, "भाऊजी, असल्याचं आणा नाहीतर नसल्याचं आणा. मधलं काही आणू नका. मधल्यातच माझी नऊ वर्षं गेली."

शवागार इस्पितळाच्या मागे, कपडे धुण्याच्या खोलीला लागून होतं. वीज दिवसातून चार तास जायची, म्हणजे आत काय दशा असेल ते सांगायला नको. हवालदाराने नाकाला रुमाल लावला आणि बाहेरूनच सांगितलं, की नीट बघा, होय म्हणालात तर सही करा, नाही म्हणालात तर उद्या सकाळी नगरपालिका उचलेल. पंधरा दिवसांपूर्वी कुणीतरी रिक्षातून तापाने फणफणलेला माणूस आणून टाकला होता आणि तो तासाभरात गेला. आणणारा कागद भरायच्या आत नाहीसा झाला होता. रिक्षावाल्याने फक्त लॉजचा पत्ता सांगितला होता.

चेहऱ्यावरून ओळखण्यासारखं काही उरलं नव्हतं. उंची तीच, बांधा तोच, केस पिकलेले. शवागाराच्या नोकराने स्टीलच्या वाटीत कवळी आणून दिली. तिरका सुळा. आपलंच काम. तो भिंतीला टेकून उभा राहिला आणि मनात म्हणाला, मारलंस रे, एका वाक्याने मारलंस याला.

पण हात सवयीने चालतात. त्याने हातमोजे मागितले, मयताचं तोंड उघडलं आणि कवळी जागेवर बसवायला गेला. बसेना. पुन्हा बघितलं. धाकट्याच्या टाळूला मधोमध हरभऱ्याएवढा हाडाचा उंचवटा होता, जन्मापासूनचा. त्याच्यासाठी कवळीत तेवढी जागा कोरून सोडलेली होती. या माणसाची टाळू सपाट, हाताच्या तळव्यासारखी. हिरड्या तर इतक्या झिजलेल्या, की याने वीस वर्षांत दात म्हणून काही लावले नसावेत. चेहरा फसवेल, बांधा फसवेल, जबडा फसवत नाही. हा आपला भाऊ नव्हता.

त्याला त्या घाणीत, त्या मयताच्या उशाशी उभं राहून हसू फुटलं. मग त्याचीच त्याला भीती वाटली. मेला तो आपला भाऊ नव्हे हे कळलं, पण त्याचे दात या परक्याच्या तोंडात आले कसे? हवालदाराला म्हणाला, डोकं गरगरतंय, तासाभराने सांगतो. आणि लॉजचा पत्ता घेऊन निघाला.

लॉजवाली जाड भिंगाच्या चष्म्याची, अंगाने आडवी बाई, पंख्याखाली तांदूळ निवडत बसली होती. तिने त्याला आपादमस्तक न्याहाळलं आणि काही न विचारता किल्ली काढली. वरच्या मजल्यावरची खोली, दोन खाटा, एक खिडकी. इथे दोघं राहायचे, तिने सांगितलं, सात वर्षं. एकाच्या तोंडात दाताचा पत्ता नव्हता, त्याला सगळे बोळकोबा म्हणायचे. नात्याचं, गोत्याचं कुणी नाही, गोदामात पोती शिवायचा. दुसरा प्लास्टरचं काम करायचा. बोळकोबासाठी तो स्वतः भाकर दुधात कुस्करून द्यायचा. ताप चढला तेव्हा यानेच त्याला रिक्षात घातलं, आणि घालायच्या आधी स्वतःची कवळी काढून त्याच्या तोंडात कशीबशी सरकवली. मी म्हटलं, अहो हे काय, तर म्हणाला, आता याच्यासाठी माणूस येईल.

कवळीवाल्याने वर पाहिलं. छताला मधोमध प्लास्टरचं फूल होतं, पाकळी अन् पाकळी कातरलेली, कडा इतक्या स्वच्छ की आपल्यालाही जमल्या नसत्या. कुणी केलं हे विचारायची गरजच नव्हती. हाताला वळण नाही म्हणे! तो खाटेवर बसला आणि तोंडावर हात धरून रडला. लॉजवाली दारात थांबून राहिली. थोड्या वेळाने म्हणाली, "आणखी म्हणाला होता, येईल तो जबडा ओळखणारा आहे. त्याला एका नजरेत कळेल. मग तो…"

"कळलं मला," कवळीवाला म्हणाला. "कळलं सगळं, बाई."

आणि खरंच, त्याला वाटलं की आपल्याला कळलं. धाकट्याने मागणं मागितलंय. मला मेलेला म्हणून घोषित कर, माझ्या बायकोला मोकळं कर, आणि या निराधार माणसाला माझ्या नावाने चांगली गती दे. नऊ वर्षांत पहिल्यांदा त्याने काही मागितलं होतं. कुठे असतो, कसा दिसतो, एकदा डोळे भरून पाहावं असं फार वाटलं, जीव तुटला. पण ज्याला लपायचं आहे त्याला उकरून काढणारे आपण कोण, असं त्याने मनाला दटावलं. एकदा जिभेने घर मोडलं, निदान आता तरी गप्प बसावं. लॉजवालीला त्याने बोळकोबाचं वय विचारलं, ताप कधीपासून होता ते विचारलं, गावात स्मशान कुठे तेही विचारलं. ती प्रत्येकाचं उत्तर देऊन पुन्हा त्याच्या तोंडाकडे बघत राहायची, जसं काही आणखी एक प्रश्न यायचा आहे.

तो इस्पितळात परत गेला आणि सही केली. मयत माझा सख्खा धाकटा भाऊ, दातांवरून ओळख पटली. खोटं लिहिताना हात कापला नाही, उलट पहिल्यांदाच आपण भावासाठी काही केलं असं वाटलं. दुपारी तीन वाजता नदीकाठच्या स्मशानात त्याने त्या परक्या माणसाला अग्नी दिला. दोन हमाल आणि तो, एवढीच माणसं. पलीकडे रस्त्यावर झाडाखाली कुणीतरी उभं होतं, पण धुरामुळे आणि डोळ्यांतल्या पाण्यामुळे त्याला नीट दिसलं नाही.

मग त्याने भावजयीला फोन लावला. ती पहिल्याच घंटेला बोलली.

"तेच होते?"

"तोच."

"नीट पाहिलंत?"

"तोंडात हात घालून पाहिलं."

 मग तिने एकदाच हुंदका दिला आणि म्हणाली, की बरं, आता घर सोडते मी. कवळीवाल्याला हलकं वाटलं. चला, एक तरी गोष्ट मार्गी लागली, तो स्वतःशी म्हणाला.

बसला अजून वेळ होता. कवळी खिशात होती. बिनदातांचा बिचारा काय खात असेल, या विचाराने तो लॉजवर परत गेला. ती लॉजवालीपुढे धरून म्हणाला, की तो कधी फिरकलाच तर त्याला द्या. आणि सांगा, जसं हवं होतं तसं केलं.

तिने कवळी घेतली नाही. चष्मा काढून पदराने पुसला, पुन्हा लावला.

"हवं होतं तसं?" ती म्हणाली. "अहो, तो पंधरा दिवस तुमची वाट बघतोय. बाजारामागच्या शेडमध्ये झोपत होता. तो म्हणाला होता, दादा एका नजरेत सांगेल की हा माझा भाऊ नव्हे. मग तो विचारेल, माझा भाऊ कुठे आहे? विचारलं तरच पत्ता द्या, म्हणाला. नाही विचारलं तर नका देऊ. मी मघाशी सांगायलाच लागले होते, तर तुम्ही म्हणालात, कळलं."

कवळीवाल्याने पुढे धरलेली कवळी परत खिशात ठेवली.

"तुम्ही विचारलंच नाहीत," लॉजवाली म्हणाली. "सगळं विचारलंत, तेवढं सोडून. आत्ता येऊन गेला तो. विचारलं का त्याने, म्हणाला. मी काय सांगणार? पायरीवर बसला जरा वेळ. मग म्हणाला, स्मशानात बघितलं मी, दादाने जाळलं मला. आणि उठला."

कवळीवाला धावला. साठीच्या घरातला माणूस, त्या उन्हात, चप्पल तुटली तरी थांबला नाही. बाजारामागची शेड उघडीच होती. भिंतीला टेकवलेली प्लास्टरची फुलं, कोपऱ्यात गुंडाळीच्या खुणा असलेली रिकामी चटई, मधोमध घमेलं. घमेल्यात कालवलेलं प्लास्टर तसंच टाकून दिलेलं होतं. त्याने त्याच्यावर हात ठेवला. ते घट्ट झालं होतं आणि अजून चांगलं गरम होतं. प्लास्टर घट्ट होताना तापतं आणि अर्ध्या तासात निवतं, हे त्याला पस्तीस वर्षं माहीत होतं.

स्टँडवर पोहोचेपर्यंत फलाट रिकामा झालेला होता. किती गाड्या गेल्या, त्याने तिकीटवाल्याला विचारलं. तीन, तो म्हणाला, तीन दिशांना. बिनदातांचा एक माणूस पाहिलात का? तिकीटवाला म्हणाला की मी हातातले पैसे बघतो, तोंडं नाही बघत.

फोन वाजला. भावजय होती. तिने रडून घेतलं असावं, कारण आवाज स्वच्छ होता. वसतिगृहाच्या बाईंना फोन केला, त्या पहिल्या तारखेपासून या म्हणतात, असं ती सांगत होती. मग म्हणाली, "भाऊजी, त्यांची कवळी मात्र घेऊन या. तेवढी राहू दे माझ्याजवळ."

कवळीवाल्याने खिशात हात घातला. तिरका सुळा बोटाला लागला. या खेपेला तो तिचं वाक्य पुरं होईपर्यंत थांबला, आणि मग आणतो म्हणाला.