बिनहातांचा वाटेकरी

मित्रांनो, मी एक जुना रेडा आहे. मला शिंगं नाहीत, शेपूट नाही आणि रवंथ करण्याची सवय नाही. शिंगांच्या जागी हँडल आहे, पायांच्या जागी चार फुगीर टायर आहेत आणि पाठीवर पुढेमागे लोखंडी कॅरिअर आहेत. माणूस माझ्यावर घोड्यावर बसावं तसा बसतो, तरी मला घोडा कुणी म्हटलं नाही. कंपनीने मला एक लांबलचक इंग्रजी नाव दिलं होतं. ते पेट्रोलच्या टाकीवर लिहिलेलं होतं. मालवणच्या दक्षिणेला ज्या गावात माझं आयुष्य गेलं, तिथे बहुतेकांनी ते वाचलं नाही आणि ज्यांनी वाचलं त्यांचा त्यावर विश्वास बसला नाही.

या गावात कशावरही लगेच विश्वास ठेवायची पद्धत नाही. पंचांगात पाऊस लिहिलेला असला तरी लोक आधी अंगणात येऊन आभाळाकडे बघतात आणि मग पंचांगाकडे संशयाने बघतात.

माझा जन्म १९९८ सालचा, एका थंड देशातल्या कारखान्यातला. बर्फातून लाकडाचे ओंडके ओढायचे आणि शिकार लादून आणायची, यासाठी मला घडवलं होतं. माझ्यावर एक सूचना चिकटवलेली होती की या वाहनावर एका वेळी एकच माणूस बसावा. पुढे त्या सूचनेवरच दोन माणसं बसत, म्हणून ती लवकर पुसली गेली.

ओंडके आणि शिकार माझ्या नशिबी नव्हती. मला बोटीने गोव्यात आणलं आणि समुद्रकाठच्या एका हॉटेलात पाहुण्यांच्या करमणुकीला उभं केलं. पाहुणे मला वाळूवरून पळवत आणि फोटो काढून घेत. एकदा एका पाहुण्याने मला थेट समुद्रात घातलं. तो पोहत बाहेर आला. मला दोर लावून काढावं लागलं. त्यानंतर हॉटेलच्या मॅनेजरने मला नवा रंग दिला आणि विकायला काढलं. मित्रांनो, कुणी एखाद्या वस्तूला अचानक नवा रंग दिला, तर तुम्हीही थोडं सावध व्हा.

त्या हॉटेलच्या स्वयंपाकघरात किरण नावाचा मुलगा कामाला होता. त्याने ही बातमी आपल्या वडिलांना कळवली. वडील म्हणजे काशीराम. गावातली रापण त्यांची होती. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. ते मला बघायला आले. त्यांनी टायर दाबले, सीट उचलली, खाली वाकून पाहिलं आणि मॅनेजरला विचारलं की एवढी चांगली गाडी विकता कशाला. मॅनेजर म्हणाला, नवीन मॉडेल घ्यायचं आहे. काशीरामने मान डोलावली. मग सीटखालच्या पत्र्याच्या सांध्यात बोट फिरवलं आणि ते बोट चाटलं. ते खारट होतं.

मला वाटलं, संपलं आता. पण ते किरणला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "दर्यात जावन परत इलो. म्हणजे आपल्याच कामाचो." आणि मॅनेजरला त्या खारटपणाबद्दल एवढं सुनावलं की त्याने मला ठरलेल्यापेक्षा कमी किमतीत, वर टेम्पोचं भाडं भरून पाठवलं.

२००३ साली गोव्याची हद्द ओलांडून आरोंद्यावरून मी मालवणच्या जिल्ह्यात शिरलो. गावात पोचलो तेव्हा माझ्यासमोर नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं गेलं. ह्या जनावराच्या पायगुणाने कुणाचं वाईट होऊ देऊ नकोस, असं देवाला सांगितलं. लोक "व्हय म्हाराजा" म्हणाले, पण नजर देवाकडे नव्हती, माझ्याकडे होती. कुणी म्हणालं, हा कस्टमवाल्यांचा माणूस आहे. कुणी म्हणालं, किनारा हॉटेलला विकायचा असेल, आधी मोजायला हा पाठवलाय. मी तिथे उभा राहून ऐकत होतो आणि खरं सांगायचं तर माझाही स्वतःवरचा विश्वास थोडा कमी झाला.

त्यातच एक घोटाळा झाला. मी आकाराने मोठा. काशीरामच्या घराकडे जाणाऱ्या पाणंदीत दोन्ही बाजूंना दगडांचे गडगे, आणि मी मधोमध अडकलो. एका बाजूचा गडगा शेजारच्या गंगारामचा. काशीराम म्हणाले, गडगा वीतभर मागे घे. गंगारामचा चेहरा एकदम उजळला, कारण इतके दिवस ज्याचा संशय होता ते अखेर सापडलं होतं. त्याने गावभर सांगितलं, "रेडो फक्त निमित्त रे. तेका माझी जमीन होयी." रेडा हे नाव तिथूनच पडलं. यमाचं वाहन आहे, एवढंही त्याने जोडून दिलं. शेवटी काशीरामने दुसऱ्या बाजूचा, स्वतःचा गडगा मागे घेतला, तेव्हा गंगारामचा संशय अजूनच वाढला.

आता कामाचं सांगतो. होडी जाळं सोडत समुद्रात अर्धं वर्तुळ घेते आणि जाळ्याच्या दोन टोकांचे दोन दोर किनाऱ्यावर येतात. दोन्ही दोरांना माणसं लागतात आणि जाळं ओढून आणतात. मग वाळूवर मासळीचे वाटे पडतात. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा आणि दोराला हात असलेल्या प्रत्येकाचा वाटा. जाळं वर येताना ज्याचा हात दोराला, त्याला वाटा. हात किती जोरात ओढत होता हे कुणी विचारत नाही. म्हातारी माणसं, अशक्त माणसं, नवरा दर्यात गेलेल्या बायका, सगळ्यांचं या नियमावर भागतं.

राधाबाई त्यातलीच. डाव्या दोराच्या शेवटी ती उभी राहायची. तिच्या हातात जोर उरला नव्हता. दोराने तिला धरून ठेवलं होतं असं म्हटलं तर जास्त खरं. मिळालेला वाटा पाटीत घालून ती गावात विकायची. त्यावर तिचं घर चाले. घरात दुसरं कमावणारं कुणी नव्हतं.

गावची तरुण मुलं गोव्याला कामाला गेली होती, म्हणून डावा दोर लुळा पडला होता. काशीरामने जाहीर केलं की डावा दोर रेडा ओढेल. आणि रेड्याच्या पेट्रोलपाण्यासाठी, त्या दोरावरच्या माणसांचे वाटे रेड्याला जातील.

 राधाबाई पुढे आली आणि माझ्याभोवती एक फेरी मारली.

"काशीरामा, ह्यो खाता काय?"

"पेट्रोल, काकी."

"मासळी?"

"मासळी कशाक खायत?"

"खायत नाय, मगे तेका वाटो कित्याक?"

 काशीराम म्हणाले, आधी बघूया.

पहिल्या दिवशी किरण सुट्टी काढून माझ्यावर बसला होता. दोर माझ्या मागच्या हुकाला बांधायचा, सुरूच्या झाडांपर्यंत जायचं, दोर सोडायचा, मागे येऊन पुन्हा बांधायचा, असं काम होतं. किरणला हॉटेलची सवय. त्याने मला पळवलं. माझी बाजू झपाट्याने वर आली, माणसांची बाजू मागेच राहिली, जाळं तिरकं झालं आणि आत आलेले बांगडे उघड्या बाजूने निघून गेले. वाळूवर आले ते थोडे खेकडे आणि एक चप्पल. गंगारामने ती चप्पल उचलून माझ्या हँडलला अडकवली आणि रेड्याचा वाटा म्हणून मोकळा झाला.

दुसऱ्या दिवसापासून मी पलीकडच्या दोरावरच्या माणसांच्या चालीने चालू लागलो. म्हणजे, मित्रांनो, पावलागणिक एक खोकला ऐकू येईल अशा चालीने. एवढा सावकाश चालायला लागल्यावर राधाबाई आली, माझ्या मागच्या कॅरिअरवर हात ठेवला आणि माझ्याबरोबर सुरूच्या झाडांपर्यंत चालत गेली. मी मागे आलो की तीही मागे यायची. मला वाटलं, हिला आधार हवा असेल.

जाळं वर आलं. वाटे पडू लागले तेव्हा ती पाटी घेऊन रांगेत उभी. काशीरामने विचारलं, काकी, तुझा हात दोराला कुठे होता?

ती म्हणाली, "दोर रेड्याक लागलेलो. माझो हात रेड्याक लागलेलो. मगे माझो हात दोराक लागलो काय नाय, तां सांग."

गंगाराम हसला. "असा बघूक गेल्यार दर्या पण जाळ्याक लागलेलो आसा. तेका पण वाटो दी."

"तेचो वाटो तो आधीच घेता," राधाबाई म्हणाली. "उरता तां आमचा."

 काशीरामने तिच्या पाटीत वाटा घातला. आणि तिथल्या तिथे ठरलं की रेड्याला हात म्हणजे दोराला हात, आणि रेड्याला वाटा नाही. त्याचं पेट्रोल जाळ्याच्या वाट्यातून.

त्याचा परिणाम पुढच्या दिवशी दिसला. डाव्या दोरावरची सगळी माणसं माझ्या अंगाला चिकटून उभी. कॅरिअरला हात, हँडलला हात, एकाचा हात सायलेन्सरला, तो मात्र लगेच निघाला. ज्यांचं काम वाचवायला मला आणलं, ती सगळी आता मीच ओढत होतो. शिवाय प्रत्येकाचा दुसऱ्यावर डोळा, की याचा हात खरंच टेकलाय की नुसता वर धरलाय. गंगारामही आला. त्याचा माझ्यावर विश्वास नव्हता, पण हात होता.

माझे चांगले दिवस ते. बर्फाच्या लाद्या, नारळ, आंब्याच्या पेट्या, पाय मोडलेला एक भटजी, सगळं मी वाहिलं. आणि रोज समुद्रावरून आलं की काशीराम मला विहिरीच्या गोड्या पाण्याने धुवायचे. मीठ लोखंड खातं, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांच्या बायकोला, यमुनाबाईंना, त्यातही संशयाचा वास यायचा. त्या माझ्याकडे बघत म्हणायच्या, "माका कधी कळशी भरून दिल्यान नाय. ह्या रेड्यात काय बघल्यान कोण जाणे."

मग काशीरामचे गुडघे धरले. पाणी शेंदणं होईना. किरण गोव्याहून आला की म्हणायचा, उद्या धुतो, आणि उद्या तो गोव्यात असायचा. पावसाळ्यात मला झावळ्यांच्या झापाखाली ठेवत. कोंबडी माझ्या सीटखाली अंडी घालू लागली आणि उंदीर वायरी कुरतडू लागले. कोण कुणाच्या आधी आलं यावरून त्यांचंही आपसात बिनसलेलं होतं. माझा रंग सुटला, चाकं फिरवणारा बेल्ट घसरू लागला. मला संशय आला की मला पुन्हा कुणीतरी नवा रंग देणार. पण तेवढंही कुणी केलं नाही.

२०१० सालच्या थंडीत बांगड्याचा मोठा थवा किनाऱ्याजवळ आला. जाळं पडलं. दोर माझ्या हुकाला बांधला. डावीकडे आता फार थोडी माणसं उरली होती आणि सगळी माझ्यासारखीच झिजलेली. मी निम्मं अंतर ओढलं आणि माझ्या पोटात काहीतरी तुटल्याचा आवाज झाला. बेल्ट गेला. मी थांबलो.

लाट जाळं मागे ओढू लागली. क्षणभर कुणालाच सुचेना, कारण सात वर्षं त्यांनी नुसता हात ठेवला होता. मग गंगारामने माझ्यावरचा हात काढून दोराला घातला आणि शिवी दिली. मला की दोराला ते कळलं नाही. बाकीचेही दोराला लागले. जेवढा दोर वर येई तेवढा ते माझ्या हुकाला पुन्हा आवळत, म्हणजे लाट आली की ओझं माझ्या अंगावर येई आणि त्यांना दम खाता येई. मी ओढत नव्हतो. नुसता अडून उभा होतो. त्या दिवशी कॅरिअरवर एकच हात होता, राधाबाईचा. तिच्याने आता दोर वाकून धरणंही होत नव्हतं.

जाळं आलं. वाळूवर चांदीसारखे बांगडे उड्या मारत होते. वाटे पडले, आणि शेवटी एक वाटा जास्त निघाला. ज्याने त्याने आपला वाटा मोजून घेतला आणि शेजाऱ्याकडे बघितलं. गंगारामने विचारलं, हा कुणाचा?

राधाबाई म्हणाली, "मी घालूक लावलंय. रेड्याचो."

"रेड्याक वाटो नाय. तूच ठरवलंस मा?"

"दोराक होतो मा तो?"

"बंद पडलेलो, काकी."

"मी तरी खंय ओढी होतंय?" राधाबाई म्हणाली.

 काशीराम काठी टेकत आले, तो वाटा दोन्ही हातांनी उचलला आणि माझ्या सीटवर ठेवला. मित्रांनो, नियम माणसांसाठी केलेला होता. त्यात लोखंड बसेल की नाही, याबद्दल मला स्वतःला अजून शंका आहे. त्या वाट्याचं कालवण यमुनाबाईंनी केलं. मला काही खाता येत नसल्यामुळे बाकीच्यांनी खाल्लं, आणि सगळ्यांत जास्त गंगारामने खाल्लं.

एक विनंती मात्र करतो. तुमच्याकडे खाऱ्या पाण्यात राबणारं काही असेल, यंत्र असो नाहीतर माणूस, तर संध्याकाळी त्याच्यावर तांब्याभर गोडं पाणी घाला. ते काम करतंय तोवर घाला, आणि थांबल्यावरही घाला. थांबलेलं नक्की केव्हा थांबलं, हे ठरवायची घाई करू नका.

दुसऱ्या दिवशी राधाबाई कळशी घेऊन आली. तिने ती माझ्यावर ओतली, हँडलपासून हुकापर्यंत. या बाईने एवढी वर्षं माझ्यावर नजर ठेवली होती, तेव्हा माझ्या मनात आलंच की पाणी कुठलं आहे? समुद्र जवळ, विहीर लांब. मला जीभ नाही, विचारायची सोय नाही. ओट्यावर बसलेल्या काशीरामच्याही मनात तेच आलं असावं. ते उठून आले, माझ्या पत्र्यावरून बोट फिरवलं आणि चाटून बघितलं.

गोडं होतं.