बाहेरचा घोडा

हंसाच्या शेपटीला जुन्या लुगड्याची पट्टी गुंडाळून कमलबाईने गाठ मारली, ती ओढून पाहिली आणि घोडीच्या पुठ्ठ्यावर थाप दिली. हंसाने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. या वयात आता हे काय आणखी, असंच जणू तिला विचारायचं होतं.

“अशी दखू नको. तुनाच भलानं शे,” कमलबाई म्हणाली.

“अक्का, आता तुम्ही आत जाऊन बसा,” मळ्याचे मालक प्रेमराज आबा मागून म्हणाले. “पुढचं आम्ही पाहतो.”

“मी धरस ना तिले. तिले मना हातनी सवय शे.”

“घोडा दाखवताना बायामाणसांनी इथं थांबायचं नसतं. वडिलांपासूनचा नेम आहे आमचा. तुमचा भाचा आहे की धरायला.”

कमलबाईच्या कपाळावर आठी पडली. घोडीच्या पोटातून शिंगरू ओढून काढायला बाईचे हात चालतात, आणि ते पोटात पडायच्या वेळी मात्र बाईने भिंतीआड व्हायचं! पण दार परक्याचं होतं आणि गरज तिची होती. तिने दोर दीपकच्या हातात दिला. दीपक तिच्या नणंदेचा मुलगा, पिकअप चालवत तोच इथवर घेऊन आला होता. नवरा सुकदेव मांडीचं हाड मोडून एरंडोलला खाटेवर पडला होता, नाहीतर दोर त्याच्या हातात असता.

“तिना कानजोडे बोलत राह्य,” तिने दीपकला बजावलं. “आवाज नही उना तर ती लाथ मारस.”

या घोडीची सोयरीक जमवताना तिच्या जिवाला काही कमी घोर लागला नव्हता. पोरीचं लग्न एक वेळ सोपं. एरंडोल-पारोळा पट्ट्यात वरातीचे घोडे भरपूर, पण सगळे हंसाच्या गोतातले. एक तिचा सख्खा भाऊ, दुसरा मामा, तिसऱ्याचे पाय वाकडे. घरातल्या घरात जनावर भरवलं की रक्त बिघडतं, हे कमलबाईचं ठाम मत. म्हणून बाहेरचा घोडा हवा होता, आणि तोही उंच, पांढरा, खानदानी. धुळ्याकडच्या या आबांच्या हुकूम घोड्याचं नाव ऐकून ती आधीही एकदा घोडी घेऊन आली होती. हंसा घरी माजावर होती, पण पिकअपच्या धक्क्यांनी आणि हमरस्त्यावरच्या ट्रकच्या भोंग्यांनी अशी बिथरली, की मळ्यावर उतरली ती थेट दुगाण्या झाडतच. तेव्हा घोडा दारातूनही न दाखवता परत नेली होती. गुरांच्या डॉक्टरने स्पष्ट सांगितलं होतं, की यंदा राहिलं तर राहिलं, पुढच्या साली हिच्याकडून आशा धरू नका. हंसामागे तिचं काहीच उरणार नाही, या विचाराने कमलबाईला अलीकडे घास गोड लागत नव्हता.

घरात आबांच्या बायकोने, ज्योतीने, तिच्यापुढे चहा ठेवला. ज्योती बोलकी होती. हुकूमला कोणता चारा आवडतो, तो कुणाकुणाला चावला आहे, कुठून कुठून घोड्या येतात, सगळं तिने एका दमात सांगून टाकलं.

“मारवाडातून आणलाय ह्यांनी,” ती कौतुकाने म्हणाली. “घोडी समोर आली की त्याला धरवत नाही. चहा निवायच्या आत काम होतं, अक्का.”

चहा निवला. त्यावर साय धरली. बाहेर टापा वाजत होत्या, माणसं ओरडत होती, मध्येच सगळं शांत होत होतं. हंसाचं खिंकाळणं कमलबाईला लगेच ओळखू आलं. त्यात भीती नव्हती, याचं तिला नवल वाटलं. घोड्याचा मात्र आवाजच नव्हता.

आबा उंबऱ्यात आले. घामाने सदरा पाठीला चिकटला होता.

“ती बामची बाटली दे गं. आणि एक गमछा.”

“बाम कसाले?” कमलबाईने विचारलं.

“नाकाला लावायला. आज जरा नखरे करतोय. घोडीला हुंगतो आणि मागे सरतो. कधी केलं नाही असं त्याने.” आबा हसले, पण ते हसू काही खरं नव्हतं. “बाम लावला की वास कळत नाही आणि डोळे बांधले की दिसत नाही. मग सुधरेल.”

कमलबाई उठली. का उठली, हे तिला सांगता आलं नसतं. ज्योतीने तिचं मनगट धरलं.

“नका जाऊ अक्का. बाई आडवी आली तर घोडीला पोट राहत नाही म्हणतात. एवढ्या लांबून आलात, कशाला विषाची परीक्षा?”

एकदा वाटलं, हात हिसडावा. पण पोट राहत नाही हे शब्द ऐकले आणि ती पुन्हा बसली. निवलेला चहा तिने औषधासारखा पिऊन टाकला आणि पदमालयाच्या गणपतीला मनोमन हात जोडले. एक शिंगरू दे, एवढंच मागितलं.

थोड्या वेळाने दीपक आला. चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता.

“मामी, जमनं! चांगलं जमनं!”

ती जवळजवळ धावतच बाहेर गेली. हंसा निंबाच्या सावलीत उभी होती, अंगाला घाम, पण पाय थरथरत नव्हते. कमलबाईने तिच्या गळ्याखालून हात फिरवला, शेपटीची पट्टी सोडली. मग डोळे पुसून तिने पहिल्यांदा नवरदेवाकडे नजर टाकली.

घोडा खरोखर देखणा होता. पांढराशुभ्र, भरल्या छातीचा, कानांची टोकं एकमेकांना टेकलेली. त्याच्या डोळ्यांवरचा गमछा आबा सोडत होते. गमछा सुटला तशी त्याने मान झटकली, नाक फुरफुरवलं आणि त्याची नजर कमलबाईवर येऊन थांबली. पुढच्या क्षणी आबांच्या हातातून दोर सुटला.

“अक्का, बाजूला व्हा! चावतो तो!”

कमलबाई हललीच नाही. घोडा तिच्यापुढे येऊन थांबला. त्याने मान खाली घातली, तिच्या पदराचं टोक तोंडात घेतलं आणि चोखू लागला.

मळ्यावरची माणसं हसली. एवढा दांडगा घोडा वासरासारखा पदर चोखतोय म्हटल्यावर कुणालाही हसू येईल. कमलबाई मात्र हसली नाही. जगात एकाच जनावराला ही खोड होती. ते जन्मलं तेव्हा हंसाला दूध उतरलं नव्हतं. तेव्हा बकरीच्या दुधात पदर बुडवून, थेंब थेंब पाजून कमलबाईने ते जगवलं होतं. पुढे हंसाला दूध उतरलं, शिंगरू आईला पिऊ लागलं, तरी कमलबाई दिसली की आधी तिचा पदर धरायचं. पांढऱ्या घोडीच्या पोटी ते काळंकुट्ट निपजलं होतं. वय वाढेल तसा रंग उतरेल, हे ठाऊक होतं, तरी तिने त्याचं नाव काळू ठेवलं होतं.

पण काळू तर मेला होता. तिच्या आईच्या आजारपणात ती वरणगावला गेली होती, परत आली तर दावण रिकामी. पोटात कळ येऊन रातोरात गेला, असं सुकदेवने सांगितलं होतं. शेताच्या बांधावर त्याने जागाही दाखवली होती. त्या जागेवर ती दर पोळ्याला पुरणपोळी ठेवायची, रडायची, आणि सुकदेव शेजारी मान खाली घालून उभा राहायचा.

तिने घोड्याचं तोंड दोन्ही हातांनी धरलं. डाव्या डोळ्याखाली अंगठ्याएवढा डाग होता, त्यावर केस नव्हते. काळूला नेमका तिथेच केसांचा भोवरा होता. आसूढाळ म्हणतात त्याला. डोळ्यातून आसू ओघळावा तसा तो दिसतो, आणि ज्या घरात असा घोडा असतो त्या घरची बाई जन्मभर रडते, असं घोडेवाले मानतात. सुकदेव या भोवऱ्याला फार भ्यायचा. काढून टाकू याला, असं दोनदा म्हणाला होता आणि दोन्ही वेळा कमलबाईने त्याला उभा आडवा घेतला होता.

“आबा,” तिचा आवाज तिलाच परका वाटला, “ह्या डागनी जागावर काय व्हतं?”

“कुंपणाची तार लागली होती.”

“तारनी जखम अशी गोल नही ऱ्हास.”

आबांनी माणसांना हाताने खूण केली, तशी ती पांगली. मग ते हळू आवाजात म्हणाले, “भोवरा होता. डागून काढला. धंद्यात सगळेच करतात, अक्का. काळं शिंगरू होतं, सारंगखेड्याच्या यात्रेत एका दलालाकडून घेतलं. असल्या जनावराचं घर कुणी सांगत नाही आणि कुणी विचारतही नाही. विचारलं तर अपशकुन आपल्या मागे येतो म्हणतात. मारवाडाचं आपलं बोलायचं म्हणून बोलतो.”

“हाऊ मना काळू शे.”

आबांना काही उलगडलं नाही.

“ह्या हंसाना पोटना,” कमलबाई म्हणाली.

आबांनी घोडीकडे पाहिलं, मग घोड्याकडे. त्यांच्या तोंडाचा आ वासला तो मिटेचना. शेजारी उभ्या दीपकने तर कपाळावर हातच मारला. शेवटी आबांनीच सावरून घेतलं.

“झालं ते झालं. माणसांसारखं नातं जनावराला कुठलं कळतंय?”

“मंग त्याना डोया कसाले बांधनात?”

आबांच्या हातात गमछा होता. त्यांनी तो खांद्यावर टाकला, पुन्हा काढला, नुसताच चुरगळत राहिले.

कमलबाईने घोड्याच्या तोंडातून पदर सोडवला. मळ्यावरच्या हौदात तो भिजवला आणि त्याच्या नाकपुड्या आतून पुसल्या, एकदा, परत एकदा, बामचा वास जाईपर्यंत. बामने त्याच्या डोळ्यांना पाणी आलं होतं, तेही तिने पुसलं. चावरा म्हणून नावाजलेला तो घोडा कान पाडून मुकाट उभा होता. नाक मोकळं झालं तसं त्याने लांब श्वास ओढला आणि हंसाच्या दिशेने मान उंचावली. हंसा घशातल्या घशात हळूच खिंकाळली. घोडी तशी हाक फक्त आपल्या शिंगराला मारते. हे आबांनाही माहीत होतं आणि दीपकलाही. दोघांनी दुसरीकडे पाहिलं.

हंसाला पिकअपमध्ये चढवताना कमलबाईने दीपकला जवळ बोलावलं.

“डॉक्टरले इचार. पोट ऱ्हावाले नको अशी काही सुई शे का.”

“मामी, हाई शेवटलं साल शे तिनं.”

“माहित शे माले.”

ती केबिनमध्ये बसली नाही, मागे हंसापाशी कडब्याच्या पेंढीवर टेकली. धुळं मागे पडलं. ऊन चढलं होतं, हमरस्त्यावर ट्रकमागून ट्रक जात होते, पण घोडी आज बिथरली नाही. कमलबाईला वाटलं होतं, आपल्याला रडू येईल. तेही येत नव्हतं. इतकी वर्षं बांधावरच्या कुठल्या मातीला आपण पुरणपोळी ठेवत होतो, हे काही केल्या तिच्या डोक्यातून जात नव्हतं.

मुकटीच्या पुढे फोन वाजला. सुकदेवचा होता.

“काय व्हयनं? जमनं का?” आवाजात उत्सुकता होती. सकाळपासून खाटेवर पडून तो याच फोनची वाट पाहत असणार.

“जमनं.”

“वा! घोडा कसा शे?”

“धवळा. धाकला व्हता तवय काळा व्हता.”

एक बस भोंगा वाजवत बाजूने गेली, तिचा आवाज विरेपर्यंत कमलबाई थांबली.

“काळू जित्ता शे,” ती म्हणाली.

कोणता काळू, असं त्याने विचारलं नाही. खाटेची दोरी करकरली, तेवढंच तिला ऐकू आलं. मग त्याने विचारलं,

“तुले भेटना का तो?”

“आगोदर त्यानी मायले भेटना,” कमलबाई म्हणाली. “मंग माले.”