हातभर आखूड पलंग

"अहो, तिथं नका—" तनया म्हणेपर्यंत झिनतबी पलंगावर आडव्या झाल्यासुद्धा.

सॅम्पल फ्लॅटमधल्या पलंगावर कुणी बसायचं नाही, अशी पाटी दारातच लावलेली होती. पण हॉस्पिटलच्या चकरांनी पिचलेल्या बाईला पाटी वाच म्हणून कोण सांगणार? त्यांनी चपला काढल्या, ओढणी सावरली, उशीवर डोकं टेकलं आणि त्यांचे पाय पलंगाबाहेर आले. नुसती पावलं नव्हेत, चांगल्या अर्ध्या पोटऱ्या.

तनयानं पटकन दाराकडे पाहिलं.

पलंग हातभर आखूड होता, मुद्दाम बनवून घेतलेला. शेजारचं कपाट इतकं उथळ होतं, की त्यात हँगर आडवा मावला नसता. खोलीच्या चौकटीला दारच लावलं नव्हतं आणि समोर भिंतभर आरसा होता. सगळ्या कल्पना तनयाच्याच. कॉलेजात ती एकांकिकांचं नेपथ्य करायची. रंगमंच मोठा भासवायचा तर सामान लहान करायचं, हे तेव्हाच हाताला बसलेलं. मिहिका झाल्यावर ती घरी बसली आणि लेक जरा चालती-बोलती झाल्यावर खालापूरच्या रस्त्यावरच्या या गृहप्रकल्पात नोकरीला लागली. इथली विक्री बघणारे योगेंद्र सर या सजावटीला स्टेजिंग म्हणत. मुलांच्या खोलीत मिहिकाचे जुने बूट ठेवले, तेव्हा सर खूश होऊन म्हणाले होते, "आता घर वाटतंय बघ!"

"अम्मी, काय गं लोळतेस?" झिनतबींची मुलगी बिलकिस स्वयंपाकघर बघून आत आली. कर्जतच्या बाजारात तिचं शिलाईचं दुकान होतं. "लोकांचं घर हाय ते!"

"लोकांचं कुठलं? आपलंच होनार ना?" झिनतबींनी मान उचलून स्वतःच्या पायांकडे पाहिलं. "या वयात वाढले वाटतं मी."

मायलेकी हसल्या. तनयाही हसली आणि हसता हसता तिनं कोपऱ्यातलं स्टूल पुढं ओढून झिनतबींच्या पायाखाली सरकवलं. आपला हात इतक्या सफाईनं चालला, याचीच तिला शिसारी आली.

"ताई, खरं सांगा हां," बिलकिस खोलीच्या मधोमध उभी राहिली. "अम्मीची खाट ही अशी, खिडकीशी. माझी इकडं. रातीचं उठवावं लागतं हिला, म्हनून एकाच खोलीत पायजे. आन् मधून चाकाची खुर्ची फिरली पायजे. पुढल्या आठवड्यात हिचं स्टेजिंग हाय टाटा हास्पिटलात. म्हंजे आजार कुठवर पोचलाय ते बघनार. मग औषधं चालू झाली की हिला चालवंल का नाय, सांगता येत नाय म्हनले डॉक्टर. बसतील ना दोन खाटा?"

योगेंद्र सर केव्हा दारात येऊन उभे राहिले, कळलंच नाही.

"बसतील की मॅडम! आत्ता डोळ्यांनी बघताय ना? तनया, सांग ना यांना."

या नोकरीसाठी लेकीला दिवसभर सासूबाईंच्या हवाली केलं होतं. नोकरीच गेली तर ते सगळं कशासाठी? हा विचार तिच्या मनात आला तेवढ्यात तोंडून शब्द गेलाही. "बसतील."

दुसऱ्या दिवशी तिची सुट्टी होती. सकाळी तिचा नवरा अजेय चहाच्या कपाशेजारी लॅपटॉप उघडून फोनवर ऑफिसातल्या कुणाला तरी समजावत होता, "अरे, ते सॉफ्टवेअर अजून स्टेजिंगवरच आहे, चाचणीच्या सर्व्हरवर. तिथं फुटलं तर फुटू दे. खरी माणसं थोडीच आहेत तिथं?"

मिहिकाच्या तोंडाला लागलेला भात पुसता पुसता तनयाचा हात थांबला.

"माझ्याकडे असतात," ती म्हणाली.

"काय?" अजेयनं फोनवर हात ठेवला.

"काही नाही. आई, हिला जरा बघाल? बाजारात जाऊन येते."

"सुट्टीच्या दिवशीसुद्धा पायाला भिंगरी," सासूबाई शैलाताई कुरकुरल्या. पण नातीला कडेवर घेऊनच.

बिलकिसचं घर दुकानाच्या मागेच होतं. ती कापड आणायला गेली होती. झिनतबी दाराशी खुर्चीत बसून कुणाच्या तरी ब्लाऊजला हुक लावत होत्या. तनया बसलीसुद्धा नाही. उभ्या उभ्याच तिनं सगळं ओकून टाकलं. पलंग, कपाट, आरसा. दोन खाटा लावल्या तर मधून माणसालासुद्धा अंग चोरून जावं लागेल, चाकाची खुर्ची तर जाणारच नाही. आणि हे सगळं मीच केलंय.

झिनतबींची सुई चालूच होती.

"म्हाईत हाय," त्या म्हणाल्या. "माझे पाय भाईर आले तवाच कळलं. मी काय ताडमाड हाय का गं?"

"मग बोलला का नाहीत?"

"बिलकिसचं त्वांड बगितलंस काल? लय दिसांनी हसली पोर." त्यांनी दोरा दातानं तोडला. "बस आदी. उभ्यानं काय बोलतेस, पोलीस आल्यागत."

तनया बसली. "मी आज तिला सांगते. बुकिंग उद्या आहे, अजून—"

"नको सांगूस."

"अहो, पण दोन खाटा नाही बसणार तिथं!"

"एक बसतेय ना? खरी, पुऱ्या लांबीची?"

"एक... हो. एक बसेल."

"पाय पसरून झोपंल ना मानूस?"

"हो."

"मंग झालं तर." झिनतबींनी ब्लाऊजची घडी घातली. "तो डॉक्टर पुढल्या आठवड्यात बगल काय बगायचंय ते. माजं किती ऱ्हायलंय ते मला कळतं. ती माज्यासाटी घर घेतेय असं तिला वाटू दे. माज्यासाटी म्हनूनच घेईल ती. सोतासाटी कवा काय घेतलंय तिनं?"

माफी मागायला आली होती ती. माफी कुणी दिली नव्हती आणि नाकारलीही नव्हती. उलट आणखी एक गोष्ट जपायला हातात ठेवली होती.

"ताई! तुमी?" बिलकिस पिशव्या सांभाळत आत आली. "बरं झालं आलात. हे बघा, पडद्याचं कापड. अम्मीची खाट खिडकीशी येनार ना, सकाळचं ऊन डोळ्यावर यायला नको, म्हनून जाड घेतलं. रंग कसाय?"

"छान आहे," तनया म्हणाली. तिनं झिनतबींकडे पाहिलं. त्या डोळ्याजवळ सुई धरून नवा दोरा ओवत होत्या.

"जरा ते टोक धरा ना."

तनयानं टोक धरलं. बिलकिस कापड उलगडत मागं मागं गेली, पार भिंतीला टेकेपर्यंत. गडद निळं कापड खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणलं गेलं आणि खुर्चीतल्या झिनतबी त्याच्या आड दिसेनाशा झाल्या. तिथून त्यांचा आवाज तेवढा आला.

"नीट धर गं. ढिलं सोडू नकोस."

तनयानं दोन्ही हातांनी कापड घट्ट धरलं.